हळदूचं पात्र

माझे वडील कमी बोलतात. रेल्वेत भुसावळला सुतारखात्यात सगळी नोकरी काढली, तिथे खरादाच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता, म्हणून सवयच गेली असेल. ती सगळी कसर माझी आई भरून काढायची. निवृत्त झाल्यावर दोघं शिंदखेड्याला मूळ घरी आले, तेव्हा नानांनी फंडाच्या पैशातून पहिली काय वस्तू घेतली असेल? फ्रीज नाही, कूलर नाही. जुना लाकडी कामाचा खराद, लाकूड गरगर फिरवून गोल घडवायचं यंत्र. मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभारून त्यात तो बसवला. आई गल्लीभर सांगत फिरली, "आमना घरमां सवत उनी शे."

सवतीशी तिचं चांगलं जमलं. नाना पाळण्याचे खुंट, लाटणी, खाटेचे पाय, वाडगे करायचे आणि आई त्याची तपासनीस. तिची तपासायची रीत अशी, की वस्तूवरून सुती पदराचं टोक हलकेच फिरवायचं. एक धागा जरी अडकला तरी वस्तू परत. नाना कपाळाला आठ्या घालून पुन्हा खरादाला लागायचे. रेल्वेतल्या साहेबांचं सुद्धा त्यांनी इतकं ऐकलं नसेल.

मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरी आले की फळा नसतो, म्हणून नानांना शिकवते. ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी असतं, हे मला माहीत आहे, तरी मी थांबत नाही. आईवर गेलेय, असं सगळे म्हणतात.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात एक भंते वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, राहिले होते. वर्षावास संपल्यावर चीवरदान झालं. कुणी चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र दिलं, कुणी औषधं, कुणी छत्री. आई उभी राहिली आणि भरल्या विहारात म्हणाली, "पुढला वरीसले पात्र मनाकडतून." पात्र म्हणजे भिक्खूचं जेवणाचं भांडं. चीवर आणि पात्र, एवढाच भिक्खूचा खरा संसार. पात्राचं दान मोठं मानतात. सगळ्यांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. आई घरी आली ती हवेतच होती. आमच्या आईला कुणी साधुकार दिला म्हणजे दोन दिवस स्वयंपाकात मीठ जास्त पडायचं.

फाल्गुनात तिला ताप आला. साधा ताप, म्हणून घरीच काढा, गोळ्या. मग रक्तातल्या पेशी उतरत गेल्या. धुळ्याला दवाखान्यात आणलं तोवर ती मला ओळखत होती, नानांना ओळखत होती, पण वेळ कुठली चाललीय ते तिला कळत नव्हतं. मला म्हणाली, "विहारनं काम उनं का व? पात्र लेवानं शे ना." विहाराचा कार्यक्रम आला का, पात्र घ्यायचंय, एवढंच. तिच्या तोंडचं हे शेवटचं नीट वाक्य. त्यानंतर ती बोलली, पण ते बोलणं आमच्यासाठी नव्हतं.

आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी नानांना म्हटलं, "आईचा शब्द आपण पुरा करू. स्टीलचं पात्र दुकानात मिळतं. मी मागवते, घरपोच येईल." नानांनी मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाले. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, हा त्यांचा जुना बाणा मी विसरले होते.

शेडमध्ये हळदूचा एक ठोकळा पडून होता. शिरपूरच्या लाकूड डेपोतून आणलेला, दोन्ही कडांना मेण फासून वाळत ठेवलेला. हळदूचं लाकूड पिवळसर, अंगानं बारीक, खरादाला गुणी. नानांनी तो घरात आणला तेव्हापासून आईनं त्याचं स्टूल केलं होतं. तूर सोलायची तर त्यावर, शेजारच्या पुना आक्काशी गप्पा मारायच्या तर त्यावर. नाना ठोकळा मागायचे, ती उठायची नाही. "ह्यानं काहीतरी आपलं करा, लोकसनं नको," एवढंच सांगायची.

नानांनी त्याचंच पात्र करायचं ठरवलं. माप कुठून घेतलं? आमच्या ओसरीवर रुपचंद शेठच्या कापड दुकानाचं कॅलेंडर आहे. शेठ मारवाडी माणूस, पण गिऱ्हाईक ओळखून कॅलेंडर छापतो. आमच्या वस्तीत बुद्धांचं वाटतो. त्या चित्रात बुद्धांच्या हातात पात्र आहे, तपकिरी, आणि चित्रकारानं हौसेनं त्यावर बारीक रेघा मारल्यात. कुणाही सुताराला वाटावं, लाकडाच्याच रेघा. भंतेंचं स्वतःचं पात्र कायम कापडी पिशवीत असायचं. कधी उघडं दिसलंच तर काळंभोर. नाना समजले, लाकडाला रंग दिलाय. आम्ही सगळे तेच समजलो असतो. आमच्याकडे भंते आले की पुना आक्का त्यांना पाट मांडून ताटात वाढते, पात्राकडे बघतो कोण?

आषाढात भंते पुन्हा आले आणि नानांनी काम सुरू केलं. मी दर शनिवारी धुळ्याहून एसटीनं यायची. गाडीतून उतरून गल्लीत वळलं की आधी खरादाचा घर्र आवाज यायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. घरी एकटा माणूस आहे म्हटल्यावर शांत घराची मला भीती वाटायची.

पात्र बाहेरून लवकर झालं. गोल पटाशीनं नानांनी ठोकळा उतरवला, पोट कोरलं. अडलं ते आतल्या बाजूला. गोल भांड्याच्या आत लाकडाच्या रेषा कुठे आडव्या येतात, कुठे उभ्या टोकावर, आणि टोकावरच्या रेषा पटाशीनं उपटून निघतात. तिथे बोटाला खरखर लागते. दुसरा कुणी असता तर काचकागद घासून मोकळा झाला असता. नाना काचकागदाला चोराचं काम म्हणतात. त्यांचं हत्यार स्क्रेपर. जुन्या जाड कानशीचं पोलाद घासून केलेलं, पुढून अर्धगोल. दगडावर ओढलं की त्याच्या धारेला एक बारीक ओठ फुटतो. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. तो ओठच लाकूड काढतो. मूठ वर, शेंडा खाली, आणि हात असा हलका, की झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय. जोर केला किंवा शेंडा वर झाला तर फिरतं लाकूड हत्यार ओढून घेतं आणि एका क्षणात भांडं फुटतं. ओठ थोड्या वेळात बोथट होतो. पुन्हा दगड, पुन्हा लाकूड.

जमलं की त्यातून पिंजलेल्या कापसासारखा भुसा निघतो. नानांच्या मिशीवर, भुवयांवर तो पिवळा भुसा बसायचा. मी म्हणायची, "नाना, हळद लागली तुम्हाला." ते हसायचे नाहीत. पण पुसायचेही नाहीत.

खरं तर पात्र श्रावणातच झालं होतं. मी हात फिरवला तर आतून दुधाच्या सायीसारखं लागलं. मी म्हटलं, "बास आता. ह्याहून गुळगुळीत काय करणार?" नानांनी खुंटीवरचा आईच्या जुन्या साडीचा तुकडा घेतला, पात्रात फिरवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अजून शे."

काहीही अडकलेलं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्यांनी खराद सुरू केला, आणि मी वाद घातला नाही. मी, जी पाटीवरच्या उत्तराच्या एका चुकलेल्या एककासाठी मुलांना उभं करते, ती गप्प बसले. त्या माणसाला ते काम संपवायचंच नव्हतं. ते संपलं असतं तर आई संपली असती, इतकं सरळ होतं ते.

पण आश्विन पौर्णिमा कुणासाठी थांबत नाही. वर्षावास संपला आणि चीवरदानाचा रविवार आला. नानांनी पांढरा सदरा घातला. पात्र पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. तोवर त्यांनी ते वस्तीत कुणालाही दाखवलं नव्हतं. भंतेंच्या हातातच पहिल्यांदा उघडायचं, असा त्यांचा हट्ट होता.

त्रिसरण, पंचशील झालं. पुना आक्कानं माइकवर आईचं नाव घेतलं आणि तिला स्वतःलाच हुंदका आला. नाना पुढे गेले, गुडघ्यावर बसले, टॉवेल सोडला. विहारात बाया एकदम गप्प झाल्या. खरंच इतकं सुंदर होतं ते. खिडकीतून ऊन येत होतं आणि पात्र आतून उजळल्यासारखं दिसत होतं. माझी मान ताठ झाली. नानांनी दोन्ही हातांनी ते पुढे केलं.

भंतेंनी हात पुढे केले नाहीत.

ते वयानं नानांहून लहान होते, माणूस हळवा. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. म्हणाले, "उपासक, हे मला घेता येणार नाही. भिक्खूला लाकडाचं पात्र चालत नाही. मातीचं किंवा लोखंडाचं, एवढंच."

नानांचे हात तसेच पुढे राहिले. भंतेंनी समजावलं. बुद्धांच्या काळी एका शेठनं चंदनाचं पात्र करून उंच बांबूच्या टोकाला बांधलं आणि पैज लावली, की ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्यानं उडून काढावं. एका भिक्खूनं ते काढलं. गावभर गर्दी, आरडाओरडा. बुद्धांनी त्याला फटकारलं, की लाकडाच्या एका भांड्यासाठी सिद्धीचा बाजार मांडलास? ते पात्र मोडायला लावलं, त्याची भुकटी करून अंजनात घालायला भिक्खूंना देऊन टाकली. तेव्हापासून लाकडी पात्र बंद.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जागेवरूनच म्हटलं, "भंते, वापरू नका. नुसतं घ्या. माझ्या आईचा शब्द आहे."

"ताई, घेतो म्हणायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं, ते खोटं होईल. खोट्यातून तुमच्या आईच्या नावाचं पुण्य कसं होईल?"

मला त्यांचा राग आला आणि ते बरोबर बोलताहेत याचा जास्त राग आला. पुना आक्का नानांच्या कानाशी जाऊन म्हणाली, धुळ्याहून उद्याच्या उद्या स्टीलचं आणू, भाऊ, तुम्ही नुसता हात लावा. नानांनी मान हलवली. "ते लिलानं नही." ते लीलाचं, माझ्या आईचं, नाही, एवढंच बोलले, पात्र टॉवेलात गुंडाळलं आणि मागे येऊन भिंतीशी बसले. कार्यक्रम संपेपर्यंत बसले. इतर लोक दान द्यायला जात होते त्यांच्यासाठी सरकून वाट करून देत होते. ते बघवेना मला.

मला दिवाळीची सुट्टी लागली होती, मी घरीच राहिले. पात्र शोकेसमध्ये आईच्या फोटोशेजारी ठेवलं. एका परीनं मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आईच्या ठोकळ्याचं, नानांच्या हातचं, एवढं देखणं काही आता आपल्याच घरात राहणार. मी त्यावरून येताजाता हात फिरवायची. नाना तिकडे बघतही नव्हते. शेडला कडी. घर शांत. मला ज्या शांततेची भीती वाटायची ती हीच. जेवायला वाढलं तर जेवत होते, उठा म्हटलं तर उठत होते. एकदा मी विचारलं, "खराद का बंद?" तर म्हणाले, "काय करानं?"

कार्तिकातल्या एका दुपारी मी बाजारातून भाजी घेऊन आले तर गल्लीच्या तोंडाशीच घर्र आवाज आला. इतका आनंद झाला. नाना कामाला लागले, म्हटलं. पिशव्या घेऊन तशीच मागे गेले.

खरादावर पात्र होतं. बुडाला फळी चिकटवून पुन्हा चढवलेलं. नाना स्क्रेपर लावून त्याची भिंत उतरवत होते. गुळगुळीत करत नव्हते, संपवत होते. खाली धोतराचं स्वच्छ कापड अंथरलेलं आणि त्यावर पिवळ्या भुशाचा ढीग.

मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पात्र फिरत फिरत थांबलं. काठ अर्धा गेला होता.

"काय करताय हे? वेड लागलं का तुम्हाला?"

नानांनी स्क्रेपर खाली ठेवला. शांतपणे म्हणाले, "भंतेसनी सांगं ना. त्या पात्रनी भुकटी करी आनि भिक्खूसले दिनी."

"नाना, ती शिक्षा होती. दान नव्हतं ते."

"माले ते नही समजस. माले इतलंच समजस, का भुकटी देता उनी, आनि त्यासनी लिधी."

भुकटी देता आली आणि त्यांनी ती घेतली. सगळं विज्ञान, सगळी अक्कल इथे कामाची नव्हती. मी रडायला लागले. म्हटलं, "मला राहू द्या हे. आईचं आता काय उरलंय घरात?"

नाना खरादापासून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बेटा, तुले तिना फोटो शे. साड्या शेतस. तिना शबद मात्र आठेच आडकी पडना." तिचा शब्द इथेच अडकून पडलाय. "भंते पौर्णिमाले चालना जातीन."

भंते पौर्णिमेला निघून जाणार होते. आयुष्यात नाना माझ्याशी एका वेळी इतकं बोलले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, भुवया पिवळ्या, हात पात्राच्या काठावर, जसा कुणी आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतो. हट्ट माझाही खरा होता. पण मला ते पात्र ठेवायचं होतं, आणि त्यांना ते पोचवायचं होतं. आईनं कुणाची बाजू घेतली असती हे मला सांगायची गरज नव्हती.

मी भिंतीपाशी गेले आणि बटण सुरू केलं.

मग तिथेच उभी राहिले. एवढं तरी करायला हवं होतं. नाना स्क्रेपर दगडावर ओढायचे, लावायचे, पुन्हा ओढायचे. भिंत पातळ होत गेली. एका क्षणी पत्र्याच्या फटीतलं ऊन लाकडातून आरपार दिसलं, पिवळं, आणि मला वाटलं, आता थांबवावं, इतकं सुंदर ते कधीच नव्हतं. तेवढ्यात कट् असा आवाज आला आणि पात्र गेलं. नानांनी तुकडे वेचले. खलबत्ता मागितला, मी आणून दिला. तुकडे फोडले, कुटले, जे कुटले जात नव्हते ते पुन्हा किसले. चाळणीतून चाळलं, मग कापडातून. मी कापडाची दोन टोकं धरली होती. शेवटी एका छोट्या डब्यात मावेल एवढी भुकटी झाली. एवढ्या मोठ्या ठोकळ्याची. बाकीचं लाकूड भांडं कोरताना आणि चाळताना केव्हाच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात गेलो. कार्यक्रम नव्हता. भंते ओट्यावर बसून चीवर शिवत होते, पुना आक्का झाडत होती. नानांनी वंदन केलं आणि डबा उघडून पुढे ठेवला.

"काय आहे हे?"

"पात्र," नाना म्हणाले.

भंतेंनी डब्यात पाहिलं. मग नानांच्या हातांकडे. नखांत अजून पिवळं होतं. त्यांना समजलं. त्यांनी सुई बाजूला ठेवली, दोन्ही हात पुढे केले, आणि नानांनी डबा उचलून त्या हातांत दिला. भंतेंनी आईचं पूर्ण नाव घेऊन पुण्यानुमोदनाची गाथा म्हटली. पुना आक्का झाडू हातात धरून उभी होती, ती साधु म्हणाली. मी म्हणाले. नानांचे फक्त ओठ हलले.

"उपासिकेचा शब्द पुरा झाला," भंते म्हणाले. "हे मी माझ्याबरोबर नेईन."

परत येताना आम्ही बाजारातून आलो. दिवाळीनंतरची दुकानं आळसावलेली होती. नाना माझ्या पुढे चालत होते, रिकामे हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे. चालता चालता ते मध्येच थांबले. मला वाटलं, दम लागला. मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि आईला विचारायचे तसं, कोणती भाजी आणू असं विचारावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी मला विचारलं,

"आते मी काय करू व, वृषाली?"

मी त्यांचा हात धरला. आणि भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, माझे वडील आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.